पाठवणीची चाल आणि शरयूताई

शरयूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात होते. त्यांच्या महिन्याच्या औषधांची पिशवी मागच्या कप्प्यात बांधून तयार होती. फोन त्यांच्या भाच्याचा होता. "मावशी आज सकाळी गेली," तो म्हणाला. "फारसा त्रास झाला नाही... पौडच्या नसीमला, म्हणजे तुम्हाला, आणि मास्तरांना लगेच कळव, असं तिनं सांगून ठेवलं होतं." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, ते कसं घ्यायचं हेही नीट समजावलं. मग शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत गेले. अब्बा बशीत चहा ओतून घेत होते. मी सांगितलं तशी त्यांनी बशी खाली ठेवली. खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "बाईंचं काम पुरं झालं हुतं न्हवं?"

"झालं होतं की अब्बा. तुम्ही ऐकलंय ते."

"व्हय... मग ठीक हाय."

 याला आता काही आठवडे झाले. शरयूताई वाद्यवृंदासाठी संगीत लिहायच्या. मी औषधं विकते आणि सुरांमधलं मला काही कळत नाही. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्यांनी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम केलं ते माझ्या वडिलांच्या एका चालीवर, आणि ती चाल त्यांनी वडिलांकडून कशी काढून घेतली हे समोर बसून पाहिलेलं माणूस म्हणजे मी एकटीच.

आमचं घर पौडच्या बाजारात. पुढं दुकान, मागं राहायच्या खोल्या. अब्बांना मुळशी तालुक्यात गुलाबमास्तर म्हणूनच ओळखतात. एके काळी इकडची बरीचशी लग्नं त्यांच्या बँडवर झाली. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण ओठांची एक बाजू सैल पडली ती पडलीच. फुंक त्या बाजूनं निसटून जायची. काही दिवस त्यांनी दार लावून प्रयत्न केला, मग एका सकाळी सगळी वाद्यं टेम्पोत घालून नेऱ्याच्या दत्ताकडं, आपल्या शिष्याकडं, पाठवून दिली. त्यानंतर घरात बँडचा विषय निघाला की ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

शरयूताईंनी ती चाल पहिल्यांदा ऐकली ती नेऱ्यातल्या एका लग्नात. ज्यांच्या शेतात आता आयटीतल्या मुलांना भाड्यानं द्यायच्या खोल्या उभ्या आहेत अशा एका घरचं लग्न. लॉन, दिवे, डीजेचा दणदणाट. शरयूताई मुलीच्या मामाच्या ओळखीनं गेल्या होत्या आणि कानांत कापूस घालून बसल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. पण नेऱ्यात अजून एक रीत आहे. मुलीची पाठवणी आली की डीजे बंद करतात आणि दत्ताला वाजवायला सांगतात. पाठवणीला दत्ता एकच चाल वाजवतो. शरयूताईंनी कापूस काढला आणि त्या बँडच्या मागोमाग पार रस्त्यापर्यंत चालत गेल्या. नवरीची गाडी सुटली, बँड थांबला, तसं त्यांनी दत्ताला गाठलं. हे कुणाचं, म्हणून विचारलं. दत्ता म्हणाला, "जुन्या पिक्चरचं गाणं हाय बाई. आमच्या मास्तरांनी शिकवलंय." कुठल्या पिक्चरचं, तर म्हणे ते मास्तरांनाच माहीत.

दुसऱ्याच दिवशी माझ्या काउंटरसमोर एक उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या बाई उभ्या राहिल्या. चौकशी करायला आल्या होत्या, पण नुसतीच चौकशी करणं बरं दिसणार नाही म्हणून असेल, आधी त्यांनी कापसाचा पुडा घेतला. मग म्हणाल्या, "गुलाबमास्तर इथंच राहतात ना?" मी त्यांना मागं नेलं. अब्बांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि त्यांनी विचारताच एका हिंदी पिक्चरचं नाव सांगून टाकलं. त्या नावात 'दुल्हन' होतं एवढं मला आठवतं. शरयूताई आभार मानून गेल्या. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी त्या परत आल्या. या वेळी बाम घेतला. आत जाऊन म्हणाल्या, "मास्तर, असा सिनेमा मला कुठं सापडला नाही." अब्बा जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, चुकलंच, त्याचं नाव वेगळं, आणि त्यांनी दुसरं नाव सांगितलं. या नावात 'डोली' होतं. पुढच्या खेपेला 'बिदाई' आली. प्रत्येक वेळी शरयूताई आधी काहीतरी विकत घ्यायच्या, आत जाऊन निमूट ऐकून घ्यायच्या, आणि मुंबईतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून खात्री करायच्या. तिसऱ्यांदा थर्मामीटर घेतला तेव्हा मीच म्हणाले, "ताई, असं काही घेत जाऊ नका. तुम्ही नुसत्या आलात तरी चालेल." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझे वडील काहीतरी लपवतायत, आणि काय ते मला कळेना. तुला माहीत आहे?" मला खरंच माहीत नव्हतं. लहानपणापासून ती चाल मी ऐकली होती, आणि ती कुठल्या तरी पिक्चरची, एवढंच मलाही ठाऊक होतं.

त्या कोण, हे मला हळूहळू कळत गेलं. कासार आंबोलीत डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा लहानसा बंगला. आधी शनिवार-रविवारी नवऱ्यासोबत यायच्या, नवरा गेल्यावर मुंबईचं घर बंद करून इथंच राहिल्या. आयुष्यभर सिनेमाच्या स्टुडिओत काम केलं. सुरुवातीला व्हायोला वाजवायच्या, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, थोडं खर्जातलं वाद्य. पुढं दुसऱ्यांच्या चालींना वाद्यवृंद लिहून द्यायला लागल्या. "चाल संगीतकार करतो," त्या मला समजावत होत्या. "पण व्हायोलिननी कधी यायचं, बासरीनं कुठं थांबायचं, हे कुणीतरी कागदावर लिहून काढावं लागतं. ते मी लिहायचे." मी विचारलं, मग तुमचं नाव यायचं का पडद्यावर? त्यांनी नकारार्थी मान हलवली. तक्रारीच्या सुरात नाही... माझ्या दुकानात एखादं औषध नाही हे मी जशी सांगते तशी.

चौथ्या की पाचव्या खेपेला त्या व्हायोला घेऊनच आल्या. अब्बांच्या पलंगासमोर बसून त्यांनी ती चाल वाजवली, सगळीच्या सगळी, एकदाच ऐकून लक्षात ठेवलेली. आमच्या घरात किती तरी वर्षांनी कुणी वाद्य वाजवत होतं. अब्बा ओट्यावर गेले नाहीत. वाजवून झाल्यावर शरयूताई म्हणाल्या, "पहिला भाग छान आहे. दुसरा मात्र कच्चा आहे. वर जाऊन सूर नुसताच थांबतो. ज्यानं केलं त्यानं घाई केली असणार."

अब्बांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. त्यांचा चेहरा असा दुखावलेला मी फार क्वचित पाहिला आहे.

"घाई न्हाई केली," ते म्हणाले. "तितं पोरगी मागं वळून बघती. म्हणून थांबतोय सूर."

 शरयूताईंनी व्हायोला मांडीवर आडवी ठेवली. "तुम्हीच केलीय ना मास्तर?" त्यांनी विचारलं. आणि अब्बांनी, ज्यांनी आपल्या मुलीलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं, 'व्हय' म्हटलं.

मग सगळं बाहेर आलं. ताम्हिणीचं एक लग्न. अब्बा तेव्हा तरुण, बँड नुकताच उभा केलेला. पाठवणीची वेळ झाली आणि वळवाचा पाऊस कोसळला. नवरदेवाकडची गाडी घाटात खाली अडकली. मांडवात नवरी तयार होऊन बसलेली, पाहुणे ताटकळलेले, आणि मुलीचा बाप म्हणतोय, वाजवत राहा. त्यांना येत होती तेवढी सगळी गाणी वाजवून झाली. परत तीच वाजवायला लागले तर लोक हसायला लागले. तेव्हा अब्बांनी काहीतरी स्वतःचंच सुरू केलं. "गाडी येस्तोवर वाजवायचं हुतं, म्हून त्याला शेवट ठेवलाच न्हाई," ते म्हणाले. "परत परत पहिल्यावर यायचं. गाडी आली, पोरगी बसली, आमी थांबलो." लोकांना चाल आवडली. कुणीतरी विचारलं, कुठलं गाणं? अब्बांच्या तोंडातून निघून गेलं, नव्या पिक्चरचं. "बँडवाल्यानं सवताचं वाजवलं तर लोक म्हणत्यात, याला गाणी येत न्हाईत. पिक्चरचं म्हटलं की मान हालवत्यात." पुढच्या लग्नात लोकांनी तेच मागितलं. त्याच्या पुढच्या लग्नातही. मग कुणाला आणि कसं सांगणार?

शरयूताईंनी त्याच दिवशी विचारलं, या चालीवर मी वाद्यवृंदासाठी रचना करू का? अब्बांना कळेना. चाल तर झालेलीच आहे, मग आणखी काय करायचं? त्यांनी सांगितलं, दुसऱ्याची चाल घेऊन तिच्यावर रचना करणं ही जुनी रीत आहे. चाल तीच, पण दर वेळी ती वेगळ्या घरी राहून येते. कधी ती मंदावते, कधी ती पळत सुटते, कधी नुसता तिचा ठेका उरतो, आणि ऐकणारा ओळखत राहतो की हीच ती. अब्बा म्हणाले, करा की, मला काय. पण शरयूताई कार्यक्रमाच्या जाहिरातीत चाल करणारे म्हणून त्यांचं नाव घालणार म्हटल्यावर अब्बा एकदम आखडले. लोक म्हणतील, मास्तरानं इतकी वर्षं आपल्याला फसवलं. नाव नको. शरयूताई म्हणाल्या, नावाशिवाय मी एक सूरही लिहिणार नाही. या गोष्टीवर दोघं पावसाळाभर अडून बसले. त्या यायच्या, चहा प्यायच्या, भलत्याच विषयावर बोलायच्या आणि जाताना विचारायच्या, "काय ठरलं मास्तर?" अब्बा म्हणायचे, "बघू." शेवटी एक दिवस त्यांनी आपण होऊन अट घातली. "पैल्यांदा चाल हाय तशी वाजली पायजे. लोकांना कळू दे काय हुती ती. मग तुमी तिचं काय करायचं ते करा." शरयूताई म्हणाल्या, तशीच पद्धत असते, आणि वहीचा कागद काढून तिथल्या तिथं वर लिहिलं: 'गुलाबमास्तरांच्या चालीवर'.

त्यांचं कुतूहल इथंही थांबलं नाही. ज्या मुलीसाठी ही चाल पहिल्यांदा वाजली ती आता कुठं असेल, असं त्यांच्या डोक्यात आलं. ती मुलगी म्हणजे हौसाबाई. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या, ताम्हिणीत रस्त्यालगत मुलासोबत ढाबा चालवतात, हे दत्ताच्या ओळखीतून कळलं. मी गाडी काढली. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जाताना शरयूताई सगळ्या वाटेवर प्रश्न विचारत होत्या, बँड इतका लांब कसा यायचा, वाद्यं भिजली तर काय करायचे, चामडं सैल झालेल्या ढोलाचा आवाज कसा येतो. हौसाबाई पिठलं घोटत होत्या. शरयूताईंनी मोबाईलवर चाल ऐकवली आणि विचारलं, तुमच्या लग्नात ही वाजली होती, आठवते का? हौसाबाईंनी पळी हातात धरूनच ऐकली.

"गाणं न्हाई आठवत," त्या म्हणाल्या. "गाडी येत नव्हती ते आठवतंय. मला लई बरं वाटत हुतं. म्हटलं, अजून वाजू दे. हे वाजतंय तवर मी हितंच हाय."

शरयूताईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. परतीच्या वाटेवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पौड जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आम्ही सगळे पाठवणीची चाल म्हणजे दुःखाची समजत होतो, नसीम. तिच्यासाठी ती थांबण्याची होती." त्यांच्या रचनेत एक फार संथ भाग आहे, ज्यात चाल पुढं सरकायलाच तयार नसते. व्हायोलिन एका सुरावर रेंगाळतात, परत मागं येतात. तो भाग ताम्हिणीहून आल्यावर लिहिलेला.

मग आमचं कासार आंबोलीला जाणं सुरू झालं. दुकान बंद असायचं त्या दुपारी मी अब्बांना गाडीत घालून न्यायची. शरयूताईंना स्वयंपाकाचा भारी कंटाळा, त्यामुळे बिस्किटं मिळायची. मीच घरून काहीतरी करून न्यायला लागले. ईदचा शीरखुर्मा त्यांनी उभ्या उभ्या पातेल्यातून खाल्ला होता. त्या संगणकावर वाद्यांचे आवाज लावून लिहिलेलं ऐकवायच्या. अब्बा कानामागं हात धरून ऐकायचे. बहुतेक आवडायचं त्यांना. एकदा मात्र ते मधेच उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. एक भाग असा होता की वरती व्हायोला एक निराळीच धून वाजवत होती, शरयूताईंची स्वतःची, आणि अब्बांची चाल कुठं ऐकूच येत नव्हती.

"हितं माझी चाल कुटं हाय?" अब्बांनी विचारलं.

"खाली आहे. सगळ्यात जाड तारांवर. परत ऐका."

अब्बांनी परत ऐकलं. "हाय," ते म्हणाले. "पण अशी लपवायची कशाला?"

"तुम्ही नाही का लपवलीत इतकी वर्षं?" शरयूताई म्हणाल्या. अब्बा हसले. सैल ओठामुळे त्यांचं हसू एका बाजूला उतरतं, म्हणून ते चारचौघांत हसत नाहीत. त्या दिवशी हसले. पण तरीही आपलं म्हणणं त्यांनी सोडलं नाही, आणि शरयूताईंनी तो भाग बदलला नाही. असे त्यांचे वाद बरेच होते. काहींत त्या ऐकायच्या, काहींत अब्बा. मी मधे बसून दोघांच्या तोंडाकडं बघायची. काय चाललंय ते कळायचं नाही, पण उठून जावंसंही वाटायचं नाही.

दुकानदार बाईला माणसं औषधांच्या चिठ्ठ्यांवरून कळतात. शरयूताईंच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या बदलायला लागल्या तसं मला कळत गेलं. आधी दुखण्याच्या साध्या गोळ्या, मग जोराच्या, मग आमच्याकडं ज्या सहसा ठेवत नाहीत, पुण्याहून मागवाव्या लागतात अशा. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. अब्बांनाही सांगितलं नाही. फक्त त्यांच्याकडं गेलो की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले, कारण बाकी सगळं लिहून झालं होतं आणि शेवट सापडत नव्हता. त्यांनी एक मोठा, सगळ्या वाद्यांचा शेवट लिहिला, तो फाडला. मग एक हळूहळू विरत जाणारा लिहिला, तोही फाडला. "या चालीला शेवटच नाही," त्या म्हणायच्या. "जिथं थांबवावं तिथं ती परत सुरू व्हायला बघते." आठवड्यामागून आठवडे तेच. त्यांच्या हाताची बोटं बारीक झाली होती, अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळून घालत होत्या.

एका दुपारी अब्बांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमाला घाई हाय का?"

मी खाली मान घातली. शरयूताईंनी माझ्याकडं बघितलं, मी सांगितलं की काय या विचारानं. मी मानेनंच नाही म्हटलं.

"आहे मास्तर," त्या म्हणाल्या. "बऱ्यापैकी आहे."

अब्बांनी मान डोलावली. कसला आजार, किती दिवस, काही विचारलं नाही. म्हणाले, "मग मधेच थांबवा. गाडी काय सुराला इचारून सुटत न्हाई. आमी कुटंबी असू, वर, खाली... गाडी हालली की थांबायचं. लग्नातबी कदी पुरी वाजली न्हाई ती."

शरयूताईंनी जोरात विरोध केला. वाद्यवृंद मधेच थांबला तर ऐकणाऱ्यांना वाटेल, वादक चुकले. अब्बा म्हणाले, वाटू दे. तासभर बोलणं झालं. आम्ही निघालो तेव्हा त्या पटल्यासारख्या दिसत नव्हत्या. पण पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा शेवटचं पान लिहून झालं होतं. चाल दुसऱ्या भागात वर चढते, मुलगी वळून बघते त्या सुरावर येते, आणि पान कोरं.

पुण्यात एका लहान सभागृहात ती वाजली. हौशी आणि विद्यार्थी वादकांचा वृंद, त्यात शरयूताईंच्या हाताखाली शिकलेले काही जण. त्या चाकाच्या खुर्चीत, शेजारी अब्बा, त्यांच्या अंगात लग्नात घालायचा जुना कोट. दत्ता सगळ्या बँडला घेऊन आला होता. ताम्हिणीहून हौसाबाई आल्या. निवेदकानं अब्बांचं नाव घेतलं, चाल त्यांची असल्याचं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून पौडकरांची कुजबुज मला ऐकू आली. आधी चाल आहे तशी वाजली, अटीप्रमाणे, एकट्या क्लॅरिनेटवर. मग ती निघाली. मला संगीत कळत नाही असं मी सुरुवातीला म्हणाले, पण त्या संध्याकाळी ती कुठं कुठं जाते हे मला दिसत होतं. एकदा तारा बोटांनी छेडल्या तेव्हा मांडवावर पडणारा पाऊस आला. ती संथ झाली तेव्हा मी हौसाबाईंकडं बघितलं. त्या हात मांडीत घेऊन पुढं वाकून बसल्या होत्या. आणि शेवटी सगळा वृंद एकत्र त्या चढत्या सुरावर आला आणि थांबला.

सभागृहात कुणी हललं नाही. व्हायोलिनवाल्यांचे गज हवेत होते. लोक वाट बघत होते. शरयूताईंचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट, मला वाटलं, त्यांना पुन्हा एकदा वाटतंय की हे चुकलं. तेवढ्यात अब्बा आपल्या साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "गेली गाडी."

सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं. आधी कुणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. शरयूताईंनी अब्बांच्या हातावर हात ठेवला. बाहेर आल्यावर पौडच्या लोकांनी अब्बांना घेरलं. त्यांना ज्याची भीती होती तो राग कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "मास्तर, आमच्या तिनी पोरी या चालीवर गेल्या. तुमची हाय म्हून आधी सांगितलं असतं तर पोरींना सांगितलं असतं."  अब्बांनी त्यांना मिठी मारली.

त्यानंतर शरयूताई काही महिने होत्या. वाद घालायला नवं काही नव्हतं, तरी आम्ही जायचो. त्या झोपून असायच्या, अब्बा शेजारी खुर्चीत. कधी त्या एखादी ओळ गुणगुणायच्या आणि अब्बा ताल धरायचे. शेवटच्या भेटीत त्यांनी अब्बांना विचारलं, तुम्ही आणखी कुठल्या चाली केल्या होत्या? अब्बा म्हणाले, एकच. त्यांचा विश्वास बसला नाही. "अजून लपवताय," त्या म्हणाल्या. तेव्हा अब्बांनी त्यांची चादर नीट केली, आणि माझा स्वतःचाही विश्वास डळमळला... पण आता मला वाटतं, ते खरं तेच सांगत होते.

शरयूताई गेल्यावर पंधरवडाभर अब्बांनी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावू दिलं नाही. मग एका दुपारी म्हणाले, नसीम, तो भाग लाव, ज्यात माझी चाल सापडत नव्हती. मी लावला. परत लाव म्हणाले. ते खालच्या जाड तारा ऐकत नव्हते हे माझ्या लक्षात आलं. ते वरची व्हायोला ऐकत होते, शरयूताईंची स्वतःची धून, जिच्यावरून भांडण झालं होतं. दोन-तीन दिवस तेवढाच तुकडा आमच्या घरात वाजत राहिला. मग त्यांनी दत्ताला फोन करून क्लॅरिनेट घेऊन बोलावलं. ते तोंडानं म्हणत होते, अर्धी हवा सुटत होती, दत्ता वाजवून बघत होता. त्यांनी ती धून घेतली, तिला बँडचा ठेका दिला, मधे एक वळण स्वतःचं घातलं, ते काढलं, दुसरं घातलं. दत्ता आता दर आठवड्याला येतो. नेऱ्यात पुढच्या लग्नसराईत, नवरी मांडवात येताना ही वाजवायची असं त्या दोघांचं ठरलं आहे.

दुपारी दुकानात फारशी वर्दळ नसते. मागच्या खोलीतून क्लॅरिनेट सुरू झालं की औषध घ्यायला आलेलं माणूस जरा मान वळवून ऐकतं आणि विचारतं, मास्तरांनी नवीन केलंय व्हय? मी पुडी बांधता बांधता सांगते, "चाल शरयूताईंची आहे. मास्तर तिच्यावर काम करतायत."